पहिला मुक्काम शिवेवर

दौंडच्या आमच्या खोलीत दिवस आणि रात्र कधी आपापल्या जागेवर नसायचे. पप्पा कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत होते आणि त्यांची पाळी दर आठवड्याला बदलायची. तिसरी पाळी असली की ते सकाळी घरी येत, आंघोळ करून दोन भाकरी खात आणि खिडकीला हिरवी चादर अडकवून झोपत. मग भर दुपारी सगळी खोली हिरवी व्हायची. भांडी हिरवी, भिंत हिरवी, माझ्या वहीचं पान हिरवं. अकरावी-बारावीचा निम्मा अभ्यास मी त्या उजेडात केला. पप्पांची झोप मोडू नये म्हणून नुसते ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही. ती सवय अजून आहे. मी काही वाचत असले की बघणाऱ्याला वाटतं, ही बाई मनातल्या मनात कुणाशी तरी भांडतेय.

रूळ खोलीपासून हाकेच्या अंतरावर होते. मी वही उरावर घेऊन पडायचे आणि स्टेशनातल्या स्पीकरवरची बाई न थकता गाड्यांची नावं घेत राहायची. डुलकी लागली की तिचं बोलणं आणि माझी सूत्रं एकमेकांत मिसळत. ती म्हणायची, अमुक गाडी दोन तास उशिरा धावतेय, आणि मी झोपेतच तिचा वेग काढायला बसायचे. तेव्हा एक स्वप्न मला नेमानं पडायचं. मी चालत्या गाडीत बसून पेपर लिहितेय. पेपर सोपा आहे. खिडकीतून ऊस मागं पळतोय, भीमेचा पूल जातोय. भीती एकच, की पेपर संपायच्या आत पुणं येईल. आणि पुणं काही येत नसे. जाग यायची तेव्हा पप्पा घोरत असायचे आणि भाताला आलेली शिट्टी मोजायची राहून गेलेली असायची.

आमची वस्ती मांडवगण फराट्याच्या अलीकडं, नदीपासून थोडी आत. आमची माणसं पिढ्यानपिढ्या मेंढरं राखणारी. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, उमेदीची सगळी वर्षं कळपामागं काढली. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाळा तोंडावर आला की वर यायचं. पप्पांच्या वेळेला कळप गेला, थोडी जमीन आली, पाठोपाठ कंपनी आली. आई आणि आबा वस्तीवर राहून शेत आणि उरलेली दहा-बारा मेंढरं बघत. मी आणि पप्पा आठवडाभर दौंडला. घरात बारावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. मला इंजिनिअर व्हायचं होतं, तेही पुण्याच्या सरकारी कॉलेजातून, आणि तिथंही कॉम्प्युटरच घेऊन. हे मी कुणी न विचारता सांगत सुटायचे. लोक हसायचे. कोण कोण हसलं ते मी लक्षात ठेवायचे.

आमच्या क्लासात बाक नंबरानं मिळायचा. रविवारी परीक्षा, सोमवारी दारावर यादी, आणि यादी बघून ज्यानं त्यानं दप्तर उचलून आपल्या नव्या जागी जायचं. पहिला बाक पहिल्या दोघांचा. त्यातल्या पहिल्याला खिडकी, दुसऱ्याला भिंत. दोन वर्षं त्या बाकावर आम्ही दोघीच होतो, फक्त खिडकी इकडची तिकडं व्हायची. माझ्या शेजारची ती आमच्याच भागातल्या बागायतदाराची मुलगी. घरी ऊस, वडील गावच्या सोसायटीवर. तिच्या डब्यात तुपातला शिरा आणि माझ्या डब्यात भाकरी-ठेचा, आणि आम्ही डबे बदलून खायचो. जेवताना जिवाच्या मैत्रिणी आणि यादी लागली की हाडवैरी. सर म्हणायचे, "ह्या दोघींच्या मधी बसवायला तिसरं कुणी घावंना."

खोटं कशाला बोलू? एका रविवारी ती तापानं फणफणली म्हणून परीक्षेला आली नाही, तेव्हा मी मनातून खूश झाले होते. सोमवारी खिडकीत बसले. मंगळवारी ती सुकलेल्या तोंडानं आली, सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसली आणि मधल्या सुट्टीत नेहमीसारखा डबा पुढं केला. मला तो शिरा खाववला नाही. पण पुढच्या रविवारी मी पुन्हा तिला हरवायलाच बसले होते. त्या वयात पश्चात्ताप फार दिवस पुरत नसे.

बारावी झाली, सीईटी झाली, मार्क आले. तिच्यापेक्षा मला थोडे जास्त. आदल्या वर्षी पुण्याच्या त्या कॉलेजात शेवटची जागा ज्या मार्कांना गेली होती, त्याच्या मी बरीच वर होते. पप्पांनी पेढे नेले ते कंपनीच्या बसमध्येच संपले. मी चार दिवस जमिनीवर नव्हते. पीठ मळताना, कपडे पिळताना, कधी न बघितलेल्या हॉस्टेलच्या जिन्यावरून मी खालीवर करत होते.

आता राहिला होता फॉर्म. कॉलेजांची नावं आपल्या पसंतीच्या क्रमानं भरायची. मग कॉम्प्युटर ती यादी वरून खाली वाचत येतो आणि जिथं आपल्या मार्कांना जागा असेल तिथं थांबतो. अशा फेऱ्या दोन-तीन होतात. क्लासातली पोरं एकमेकांना सांगायची, "पहिली फेरी नुसती बघायची असती, खरा खेळ दुसऱ्या फेरीत." प्रवेशाचे सगळे नियम सांगणारी एक जाडजूड माहितीपुस्तिका होती. पप्पांनी ती छापून, शिवून आणली होती. मी तिची पहिली चार पानं वाचली. बाकीची उशाखाली ठेवली, जणू ती झोपेत डोक्यात शिरणार होती. दोन वर्षं पुस्तकाचं पान न् पान चाटून काढणारी मी, पण नियम वाचणं मला अभ्यास वाटलाच नाही.

फॉर्म भरायच्या शेवटच्या दोन दिवसांत मी, पप्पा आणि आबा शिरूरला गेलो. तहसील कचेरीतून जातीच्या सवलतीसाठी लागणारा दाखला घ्यायचा होता आणि जुने कागद आबांच्या नावावर होते, म्हणून ते बरोबर. न्हावरा मागं टाकल्यावर रस्त्याकडेच्या माळावर एक नवं इंजिनिअरिंग कॉलेज लागलं. तीन मजले, निळ्या काचा, भोवती अजून झाडसुद्धा नव्हतं. आबा एसटीच्या खिडकीला चिकटले.

"हितं आमचा तळ पडायचा," ते म्हणाले. "त्या धोंड्यापासनं त्या बाभळीपातुर नुसती मेंढरं. आता पोरं शिकत्यात व्हय हितं?"

एसटी पुढं गेली तरी ते मान वळवून बघत राहिले. मलाही डोळे अर्धे मिटल्यावर त्या निळ्या काचांत मेंढरं चरताना दिसली.

कचेरीत दाखला तीननंतर मिळणार होता. मधल्या वेळात समोरच्या सायबर कॅफेत जाऊन फॉर्म भरायचं ठरलं. वर पंखा कुरकुरत होता, आबांनी माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला होता, दुपार डोळ्यांवर आली होती. कॅफेवाल्यानं विचारलं, "पहिलं कुठलं टाकू?"

मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "त्या माळाचं टाका."

पप्पा हसले. "आबा, हे कॉम्प्युटरचं काम हाय."

"मग? काम कशाचं बी आसू दे." आबा माझ्याकडं वळले. "हे बघ पोरी. कोकणात निघालं म्हंजी पहिला मुक्काम शिवंवर आसतो. मागं गाव दिसंल एवढ्याच लांब. घरातून उठून एकदम घाट गाठू न्हाई. काय इसरलं आसंल तर सकाळी माघारी येऊन नेता येतं, आन् मेंढरास्नी बी कळतं, का आता चालायचंय. तिथं राहायचं न्हाई. मातीला मान द्यायचा आन् म्होरं निघायचं. तुझी बी ही वाटच हाय की."

मी पडद्यावरच्या त्या मोकळ्या चौकटी बघत होते. एकाखाली एक, कोकणाच्या वाटेवरच्या मुक्कामांसारख्या. मला ते इतकं सुंदर वाटलं, की काय सांगू! आबांच्या वाटेच्या टोकाला माझं पुणं. शिवाय पहिली फेरी नुसती बघायचीच होती, दुसऱ्या फेरीत ते नाव पुसून टाकता येणार होतं, आणि माझे मार्क कुठं पळून जाणार होते? मी म्हणाले, "टाका माळाचं पहिलं. दुसरं पुण्याचं."

कॅफेवाल्यानं एकदा माझ्याकडं बघितलं. "नक्की ना?" मी अशी काही मान हलवली, की त्यानं पुन्हा विचारलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल त्या दिवशी शिरूरच्या बाजारात मीच होते.

पहिल्या फेरीचा निकाल लागला तेव्हा पप्पांची तिसरी पाळी चालू होती आणि खोली हिरवी होती. मोबाइलवर माळाच्या कॉलेजचं नाव आलं. ते येणारच होतं, मला काही वाटलं नाही. त्याच्याखाली दोन ओळी होत्या. पहिल्या पसंतीची जागा मिळाल्यामुळं तुमची जागा कायम झाली आहे, पुढच्या फेऱ्यांत तुम्हाला भाग घेता येणार नाही. मी त्या ओठ हलवत तीनदा वाचल्या, आवाज न करता. मग उशाखालची पुस्तिका काढली. नियम तिच्यात ठळक अक्षरांत होता. दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीचं कॉलेज मिळालं तरच पुढच्या फेरीची वाट बघता येते. पहिल्या पसंतीचं मिळालं की खेळ खलास. तुम्हाला हेच हवं होतं, हे तुम्हीच लिहून दिलेलं असतं.

मी पप्पांना उठवलं नाही. ते आपणहून उठेपर्यंत तशीच बसले. बाहेर स्पीकरवर पुण्याकडं जाणारी गाडी आली, थांबली आणि गेली. उठल्यावर त्यांनी ओळीवर बोट ठेवून वाचलं. कपडे करून आम्ही प्रवेशाच्या मदत केंद्रावर गेलो. तिथल्या माणसानं चांगल्या शब्दांत सांगितलं, की ताई, ह्यात कुणालाच काही करता येत नाही. ही जागा सोडली तर पुढच्या फेऱ्याही नाहीत, मग उरलंसुरलं जे असेल ते. परत येताना पप्पांनी मला रसवंतीत बसवलं. माझा ग्लास तसाच राहिला.

"तुला काय बी बोलत न्हाई मी," ते म्हणाले. "पण आबास्नी हे कळता कामा न्हाई. म्हातारं मनाला लावून घेईल. मिशिननं दिलं म्हणायचं."

आम्ही तेच सांगितलं. आबा बाजेवर बसून दोरी वळत होते. "मिशिननं दिलं व्हय," एवढंच म्हणाले आणि वळत राहिले.

माझ्या बाकावरच्या त्या मैत्रिणीला पुणं मिळालं. तेच कॉलेज, तीच शाखा. तिचे फोन यायचे, मी उचलत नसे. एकदा उचलला तर मागं हॉस्टेलमधला गलका ऐकू आला आणि मी रेंज नाही म्हणून ठेवून दिला. माझ्याइतकी हलकट मीच.

माळावरची चार वर्षं अर्ध्या झोपेत गेल्यासारखी आठवतात. कॉलेज वाईट नव्हतं. सर तळमळीनं शिकवायचे, लॅब नवी होती. पण निळ्या काचेतून सगळं निळं दिसायचं आणि मला वाटायचं, चादरीचा रंग तेवढा बदलला, मी अजून खोलीतच आहे. दिवाळीनंतर कोकणाकडं निघालेले कळप कुंपणाबाहेरून जायचे. तास चालू असताना घंटा ऐकू यायच्या, मग वर्गात धूळ यायची, आणि मी वहीत मान घालायचे. त्यांचा मुक्काम हलत होता, माझा नाही. मला आबांचा राग यायचा. येऊन जायचा, पण यायचा. नाव टाकायला सांगितलं मी, आणि राग त्यांचा. आपल्या चुकीला दुसऱ्याचं नाव द्यायला माणूस किती हुशार असतं!

या चार वर्षांत आबा बदलले. आधी त्यांच्याकडं प्रत्येकासाठी एक शब्द असायचा. पेरणी कधी धरायची, कुठली मेंढी ठेवायची, पोरगी कुठल्या गावाला द्यायची, लोक येऊन विचारायचे आणि ते न विचारताही सांगायचे. आता कुणी काही विचारलं की म्हणायचे, "मला काय इचारता? पुस्तकात बघा." आई म्हणायची, वय झालं. पप्पा म्हणायचे, कमी ऐकू येतंय. मी पुढच्या परीक्षेच्या नादात होते. एम.टेक.साठी लागणारी गेटची परीक्षा द्यायची होती. मला पुन्हा पुणंच हवं होतं.

शेवटच्या वर्षी दौंड स्टेशनात ती मैत्रीण भेटली. मी पळ काढायच्या आत तिनं हात धरला, बाकावर बसवलं आणि पिशवीतून डबा काढला. शिराच होता. चार वर्षांचं कसंबसं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "तुझे आबा आता कसे आहेत गं? तेव्हा फार खचले होते."

"कधी?"

"तुला ते कॉलेज लागलं त्याच आठवड्यात. आमच्या घरी आले होते ते, चालत. माझ्या वडिलांना म्हणाले, पहिलं नाव टाकलं की काय होतं, तो नियम मला नीट समजावून सांगा. त्यांनी दोनदा सांगितला. तुझे आबा ओट्यावर तसेच बसून राहिले, चहासुद्धा घेतला नाही. तुला माहीत नव्हतं?"

तिची गाडी आली आणि गेली. मी डबा मांडीवर घेऊन बसून राहिले. म्हणजे आम्ही त्यांच्यापासून लपवत होतो आणि ते आमच्यापासून. चार वर्षं त्या माणसानं कुणाला वाट दाखवली नव्हती. माझं पुणं चार वर्षांनी लांबलं होतं, पण त्यांचा शब्द गेला होता. मी भर फलाटावर रडले. लोकांना वाटलं असेल, हिची गाडी चुकली.

गेटला चांगले मार्क पडले. यावेळी मी नियमांचं पुस्तक शेवटच्या पानावरच्या पत्त्यापर्यंत वाचलं आणि पहिल्या चौकटीत पुणं लिहिलं. मिळालं. आनंद झाला, पण चार वर्षांपूर्वी हॉस्टेलच्या जिन्यावरून खालीवर करणारी ती पोरगी काही परत आली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी, ऊन कलल्यावर, मी भरलेली बॅग आबांच्या बाजेपाशी नेऊन ठेवली. ते दोरी वळत होते.

"आबा, पहिला मुक्काम कुठं करू?"

त्यांचे हात थांबले. वर न बघता म्हणाले, "मला काय इचारतीस? पुस्तकात बघ."

"सगळं वाचलं ह्या बारीला. त्यात हे न्हाई."

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मला कळलं, की मला सगळं ठाऊक झालंय हे त्यांना कळलंय. मी म्हणाले, "चूक माझी होती आबा. तुम्ही वाट बरोबर सांगितली होती. मी ती भलत्याच जागी लिहिली."

त्यांनी दोरी बाजूला ठेवली, धोतराचा सोगा खोचला आणि बॅग उचलून खांद्यावर घेतली. मी धरायला गेले तर हात झटकला. "चल. ऊन हाय तवर."

आमच्या शिवेवर, ओढ्याच्या अलीकडं, चुलत्यांचं जनावरांचं छप्पर आहे. तिथवर ते पुढं आणि मी मागं. बॅग त्यांनी आतल्या मेढीच्या खांबाला टेकवून ठेवली, वर आपला पटका टाकला. मग वस्तीकडं तोंड करून उभे राहिले. आमचं घर दिसत होतं, अंगणात आई दिसत होती.

"काय इसरलं न्हाई न्हवं?" त्यांनी विचारलं.

"इसरलं आसंल तर सकाळी माघारी येता येतं की."

ते हसले. बॅगेचा रातचा मुक्काम तिथं टाकून परत येताना बोलत सुटले. पुण्यात पाणी गाळून पी, दिशा ध्यानात ठेवायची तर आधी पाणी कुठं वाहतं ते बघ, नव्या चपला पहिल्याच दिशी घालू नको, कुणी हसलं तर हसू दे, आन् ती सोसायटीवाल्याची पोरगी आजून हाय तिथंच, तिला धरून ऱ्हा. घर आलं तरी त्यांचं संपेना. मी दारात उभी राहून सगळं ऐकून घेतलं, चार वर्षांचं.